ओढा गल्लीनं उचललेला बेल

माझा अर्ज डमी होता. हे पहिल्यांदा सांगून टाकते, कारण आता जो तो मला 'नगराध्यक्षा मॅडम' म्हणतो आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

डमी म्हणजे काय, तर घरच्या मुख्य उमेदवाराचा अर्ज छाननीत उडाला तर हाताशी दुसरा असावा म्हणून भरून ठेवलेला अर्ज. मुख्य अर्ज टिकला की डमी मागं घ्यायचा. लग्नात नवरीच्या पाठीमागं करवली उभी असते, तिला कुणी विचारत नाही, तशी मी. आमच्या कवठाळीच्या नगराध्यक्षपदाला महिलेचं आरक्षण पडलं तेव्हा सासऱ्यांनी धाकट्या सुनेचा, शिवांजलीचा, अर्ज भरला आणि थोरल्या सुनेचा, म्हणजे माझा, डमी. "चारुशीलाबाई, इथं सही करा," एवढंच म्हणाले. मी कणकेचे हात धुतले आणि सही करून परत पोळ्या लाटायला बसले.

सासरे म्हणजे हिंमतराव. गाव त्यांना दादा म्हणतं, आम्ही सुना मामा म्हणतो. पद कुणाकडंही असो, कवठाळीची नगरपरिषद आमच्या बंगल्यापुढच्या झोपाळ्यावरून चालते. थोरला मुलगा कुलदीप, म्हणजे माझे मालक, मंगल कार्यालय बघतात. धाकटा रणधीर बापाच्या मागं गाडीत बसतो. त्याची बायको शिवांजली शेतीची पदवी घेऊन आमच्या घरात आली आणि आल्या वर्षी मी तिला भाकरी थापायला शिकवली. तिला बोलता यायचं, मला फक्त तोंड होतं. या फरकाचा मला कधी कधी राग यायचा, खोटं कशाला बोलू.

उमेदवारीसाठी मामांनी मला सोडून तिला निवडलं ते सप्टेंबरच्या पुरामुळं.

कवठाळीच्या मधून एक ओढा जातो. जात होता म्हणायला पाहिजे. त्याच्या काठाला मामांनी मंगल कार्यालय बांधलं, तेव्हा पाहुण्यांच्या गाड्या लावायला जागा पाहिजे म्हणून ओढा सिमेंटच्या नळ्यांत घातला. वर मुरूम टाकून रोलर फिरवला आणि सगळ्याभोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत घातली. भिंतीच्या अलीकडं, पाणी येतं त्या अंगाला, ओढा गल्ली आहे. पत्र्याची, मातीची, काही अर्धी विटांची घरं. मजुरी करणारी माणसं, शेळ्या, कोंबड्या.

सप्टेंबरात सगळ्या जिल्ह्यानं जो पाऊस पाहिला तो आम्हीही पाहिला. वरच्या रानातल्या सोयाबीनच्या गंजीच्या गंजी वाहत आल्या आणि नळ्यांच्या तोंडात बसल्या. पाणी भिंतीला तटलं आणि मागं गल्लीत फुगत गेलं. भर दुपारची वेळ होती, म्हणून बरीच माणसं वाचली. उंच जागा म्हणून ती कार्यालयाकडं पळाली, तर गेटला कुलूप. लग्नाचा हंगाम नव्हता, कुलूप असायचंच. किल्ली आमच्या घरात खुंटीला होती. शिवांजली ती घेऊन चिखलातून पळत सुटली, पण तिला उशीर झाला. धुरपदाबाईच्या सुनेनं, महादेवीनं, तोवर आपली दोन्ही लेकरं उचलून भिंतीवरून आत टाकली होती. तिला स्वतःला चढता आलं नाही. पाणी उतरल्यावर ती भिंतीच्या बुडाशीच सापडली, सोयाबीनच्या काडात गुरफटलेली.

धुरपदाबाई लग्नसराईत आमच्या कार्यालयात पोळ्या करायला यायची. मी तिला मावशी म्हणते. तिचा मुलगा पुण्याला बांधकामावर असतो, बायकोचं क्रियाकर्म उरकून तो परत कामावर गेला. थोरली आरती आणि धाकटा माऊली, ही दोन्ही लेकरं म्हातारीपाशी राहिली.

त्यानंतर शिवांजलीनं कार्यालय उघडून दिलं ते दिवाळीपर्यंत बंद होऊ दिलं नाही. मोठमोठ्या पातेल्यांत भात शिजत होता, ती तिथंच झोपत होती. गल्लीतल्या बाया तिला लेक म्हणायला लागल्या. मामा हे झोपाळ्यावरून बघत होते. आरक्षण निघालं त्या दिवशी म्हणाले, "धाकट्या सूनबाईंचं नाव पक्कं."

मग ते ओढा गल्लीत बेल उचलायला गेले.

आमच्याकडं मत मागायची ही जुनी रीत आहे. अणदूरच्या खंडोबाचा भंडारा ताटात काढतात, त्यावर बेलाचं पान ठेवतात. घरातल्या मोठ्या माणसानं ते पान उचलून कपाळाला लावायचं, दुसरा हात आपल्या घरातल्या लेकराच्या डोक्यावर ठेवायचा आणि शब्द द्यायचा. आचारसंहितेत हे बसत नाही म्हणे. पण बेल उचलल्यावर फुटलेला माणूस कवठाळीत कुणी पाहिला नाही. शब्दही ठरलेला असतो, मामांच्या वडिलांच्या वेळेपासून तोच चालत आलाय, त्यांनाही गाव दादाच म्हणायचं: दादा सांगतील त्या नावाला मत. नावं बदलतात, दादा बदलत नाहीत, म्हणून शब्दात नाव कधीच नसतं.

आम्ही दोघी जावा त्या दिवशी मामांच्या मागं उभ्या होतो. एकेक घर पुढं येत होतं. धुरपदाबाईनं पान कपाळाला लावलं आणि दुसरा हात आधी आरतीच्या, मग माऊलीच्या डोक्यावर ठेवला. "दादा सांगतील त्या नावाला," ती म्हणाली आणि शिवांजलीकडं बघून हसली. शिवांजलीही हसली. कोणतं नाव ते तिथल्या शेळ्यांनासुद्धा माहीत होतं.

अर्ज मागं घ्यायच्या शेवटच्या दिवशी कार्यालयात आमदारांच्या पाहुण्यांचं लग्न होतं. कुलदीप मला अर्ज काढायला घेऊन जाणार होते. दोनदा पायात चप्पल घालून उभी राहिले, दोनदा आचाऱ्यानं परत बोलावलं. शेवटी कुलदीप म्हणाले, "राहू दे. डमीला कोन मत देतंय?" मलाही ते पटलं. मशीनवर शिवांजलीची शिट्टी आणि माझी कपबशी अशी दोन्ही चिन्हं राहिली. समोरच्या पार्टीची एक बाई होती, पण ती नावालाच.

पहिली सभा ओढा गल्लीत झाली. भिंतीला लागूनच स्टेज होतं, दुसरीकडं सपाट जागाच नाही. मामा मधल्या खुर्चीत, रणधीर बाजूला, मी बायांच्यात सतरंजीवर. शिवांजलीनं माइक हातात घेतला. रणधीरनं लिहून दिलेला कागद तिच्यापुढं होता. तिनं तो घडी करून बाजूला ठेवला.

"मी निवडून आले तर पहिला हातोडा ह्या भिंतीवर पडंल," ती म्हणाली.

मला वाटलं, आता सावरून घेईल. कुठलं सावरतीय!

"ही भिंत आमची हाय. महादेवी हिच्याच बुडाशी गेली. ओढा आधीपासून हाय, आपुन मागून आलो. त्याला नळीत कोंबलं, मग तो आपल्या घरात आला. नळ्या उपसायच्या, ओढा मोकळा करायचा. पुराचं पाणी कुठवर येतं तिथं दगड रोवायचे आन त्या दगडाच्या आत कुणाचंच बांधकाम नको, मग ते आमचं असो का पालिकेचं. तुमाला वरच्या गायरानात प्लॉट, बाईच्या नावावर. तिथं घर उभं राहीपर्यंत हितल्या एकाबी घराला नोटीस यायची न्हाई. आन वरच्या रानात बांधबंदिस्ती करू, झाडं लावू. पाणी दमानं खाली आलं पायजे. पूर आला की तांदळाची पिशवी वाटायची आन पुढच्या पुराची वाट बघायची, असं किती वर्सं करायचं?"

पहिल्यांदा एकाच बाईनं टाळी वाजवली. ती धुरपदाबाई होती. मग सगळी गल्ली उठली. म्हातारी पोरांना ओढत स्टेजपाशी गेली, शिवांजलीचे दोन्ही हात धरून तिनं स्वतःच्या डोळ्यांना लावले. मी रडत होते. रागही येत होता, की ही पोरगी जे बोलली ते इतकं सोपं होतं आणि मी वीस वर्षं त्याच भिंतीच्या आत पंगती वाढल्या. मामांकडं पाहिलं तर ते शांत बसून टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर ते रणधीरला काही बोलले नाहीत. चहा घेतला, गोळ्या घेतल्या, झोपले. सकाळी झोपाळ्यावर बसून त्यांनी कुलदीपला हाक मारली. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा ते म्हणत होते, "गाडीवरचं बॅनर बदला. आपला उमेदवार थोरल्या सूनबाई. कपबशी."

मी ट्रे झोपाळ्यापुढं ठेवला. "मामा, मी डमी हाय," मी म्हणाले.

"मशीनला डमी कळत न्हाई," मामा म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

शिवांजली दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. रणधीर तिच्यामागं उभा होता आणि जमिनीकडं बघत होता. त्या माणसाला मी कधी मान वर करून बापाशी बोलताना पाहिलं नाही, त्या दिवशीही पाहिलं नाही. शिवांजलीनं खोलीत जाऊन पिशवी भरली आणि ती गावातल्याच तिच्या मैत्रिणीकडं, हर्षालीकडं, राहायला गेली. जाताना मला म्हणाली, "अक्का, तुमच्यावर राग न्हाई माझा."

"माझा हाय तुझ्यावर," मी म्हणाले. "निवडून आल्यावर बोलली असतीस तर जीभ झडली असती का?"

"निवडून आल्यावर बोलले असते तर फसवलं म्हणाले असते सगळे. तुमी सुदिक."

मी तिची पिशवी फाटकापर्यंत नेऊन दिली.

मला वाटलं होतं, काय व्हायचंय? गल्ली शिवांजलीच्या बाजूनं आहे, मत गुप्त असतं, कपबशीला आमच्या घरची चार मतं पडतील. मी मनातल्या मनात हसतही होते, की मामांनी एकदा तरी तोंडघशी पडावं. गावातली बाकीची मतं दोन्हीकडं सारखी वाटली गेली होती. ओढा गल्ली जिकडं जाईल तिकडं निकाल, हे चहाच्या टपरीवरचं पोरगंसुद्धा सांगत होतं.

मग भाजीला गेले असताना धुरपदाबाई भेटली. मला बघून तिनं तोंड फिरवलं, मग परत वळली. डोळे सुजलेले. "लई वंगाळ झालं माय," ती म्हणाली. "आमी बेल उचललाय."

"शिवांजलीसाठी उचललाय ना, मावशी?"

"दादा सांगत्याल त्या नावाला. दादांनी काल येऊन तुजं नाव सांगितलं."

मी भर बाजारात हसले. खरंच हसू आलं. म्हणाले, "मावशी, ते काय खरं असतंय? भिंत पडली तर तुमची नातवंडं वाचतेत. मला मत दिलं तर भिंत तशीच राहणार."

"त्यांच्याच डोस्क्यावर हात ठिवला हुता मी," म्हातारी म्हणाली. "दोघांच्या बी. आई गेली त्यांची. आता काय राहिलंय माज्याकडं? त्या पानाला खोटी पडले आन पोराला ताप आला तर मी कुनाला इचारू?"

तिच्याशी वाद घालता येईना. मी सुशिक्षित बाई आहे, बारावी झाले, पण माझी लेक देवश्री आजारी पडली तेव्हा मीही नारळ घेऊन कुठं कुठं गेले होते. म्हातारीला हसायचा मला काय अधिकार?

संध्याकाळी मी एकटी ओढा गल्लीत गेले. उमेदवारच आलाय म्हटल्यावर माणसं जमली. मी म्हणाले, "मी तुमाला मोकळं केलं. माझ्या नावाला मत देऊ नका. शिट्टीला द्या. मीच सांगतीय म्हटल्यावर आता कसला दोष?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. सिद्धलिंग म्हणून गल्लीतला एक वयस्कर माणूस आहे, तोच बोलला. "वैनी, बेल तुमी दिला न्हाई. ज्यानं दिला त्याला पान परत ताटात घ्यावं लागतंय. मगच मानूस सुटतो. तुमच्या सांगन्यानं न्हाई सुटत."

"आन दादांनी न्हाई घेतलं तर?"

"मग न्हाई."

मी चिडले. वाटेल ते बोलले त्या माणसांना. म्हणाले, पाणी आलं तेव्हा खंडोबा आला होता का गेट उघडायला? बेलाच्या पानाला घाबरता आणि त्या भिंतीला घाबरत नाही? बायका पदरानं डोळे पुसत होत्या. धुरपदाबाई माझ्या पाया पडायला लागली. "तू मागून घे दादांकडनं," ती म्हणाली. "तेवढं कर. पान परत घ्याया सांग. आमी समदी शिट्टीला जातो, एकबी मत हिकडं तिकडं व्हनार न्हाई."

म्हणजे त्यांना भिंत पाडायची होती. शिवांजलीच निवडून यायला पाहिजे होती. पान मात्र सुटत नव्हतं.

मी घरी आले आणि मामांच्या समोर उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा न बोलावता उभी राहिले. म्हणाले, "मामा, ओढा गल्लीचा बेल परत घ्या."

ते टीव्ही बघत होते. आवाज कमी केला. "मी कुनाला बांधलंय व्हय? त्यांनी आपल्या हातानं उचललंय."

"लेकरं हायेत त्या घरांत. पुढल्या पावसाळ्यात आनखी कोन जाईल."

"भोंगा बसवतो कार्यालयावर. पानी वाढलं की वाजवायचा." मग थोडं थांबून म्हणाले, "आन तसं म्हनत असाल तर घेतो परत. माझं काय जातंय? धाकट्या सूनबाईंनी एक सभा घ्यावी, भिंतीबद्दल बोलले ते चुकून बोलले म्हनावं. त्याच दिवशी ताट घेऊन जातो गल्लीत. त्याच आपल्या उमेदवार."

कुलदीप दारात उभे राहून ऐकत होते. मला आत ओढत म्हणाले, "चांगलं म्हनतेत दादा. सांग तिला."

दुसऱ्या दिवशी मी हर्षालीच्या घरी गेले. शिवांजली स्वतःच पत्रकं मोजून गठ्ठे करत बसली होती. तिच्याबरोबर फिरणारी माणसं आता हातावर मोजण्याइतकी राहिली होती. मी तिला मामांचा निरोप सांगितला. सांगताना मला वाटत होतं, ही हो म्हणेल. म्हणावं, असंही वाटत होतं.

तिनं हातातला गठ्ठा दोरीनं बांधला. मग म्हणाली, "म्हंजी भिंत सोडली तर गल्ली माझी. आन भिंत धरली तर गल्ली गेली."

"व्हय."

"मग अक्का, भिंत सोडून निवडून येऊन मी करू काय? गटारी?"

"दुसरं कायतरी करशील. गायरानातले प्लॉट देशील. नगराध्यक्ष तर होशील."

"प्लॉटचा ठराव कोन करंल? नगरसेवकाला उभे हायेत ते समदे मामांचेच. माझ्याकडं काय हाय? त्या दिवशी बोलले तेवढंच हाय." तिनं पत्रकं बाजूला सारली. "मी ते चुकून बोलले म्हनले, तर महादेवी चुकूनच मेली असं व्हतंय."

मग ती रडली. मी तिला जवळ घेतलं. वीस वर्षांत त्या घरात मला कुणी एवढं जवळचं वाटलं नव्हतं, आणि ती बाई माझ्या विरोधात निवडणूक लढवत होती.

दोन दिवसांनी ती गल्लीत परत गेली, घरोघरी. मीही तिच्याबरोबर गेले. गावानं तोंडात बोटं घातली, कुलदीप माझ्याशी बोलायचे बंद झाले. प्रत्येक घरात चहा मिळाला. प्रत्येक घरात बायांनी शिवांजलीच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. आणि प्रत्येक घरातून आम्ही बाहेर पडताना माणसं दाराआड उभी राहून खाली बघत होती.

मतदानाच्या दिवशी शाळेत रांग लागली होती. मी आत जाऊन शिट्टीचं बटण दाबलं आणि बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिले. शिवांजली रस्त्याच्या पलीकडं, नियमाप्रमाणं लांब, उभी होती. ओढा गल्ली सगळी एकदम आली, धुतलेले कपडे घालून, जत्रेला आल्यासारखी. धुरपदाबाईनं दोन्ही लेकरांना हाताला धरून आणलं होतं. पोलिसानं लेकरं बाहेर ठेवायला सांगितली, तर तिनं ती माझ्यापाशी आणून उभी केली.

"एवढी बघ माय."

ती आत गेली. माऊलीनं मला विचारलं, "आजी काय आनाया गेली?" मी म्हणाले, "मत द्यायला गेली." आरतीनं भावाला सांगितलं, "भिंतीचं मत हाय." पोरीनं सभा ऐकली होती.

म्हातारी बाहेर आली. बोटाची शाई वाळावी म्हणून फुंकत आली. पलीकडं शिवांजलीनं हात वर केला. धुरपदाबाईनं तो पाहिला, पण तिच्याकडं न बघता लेकरांना धरलं आणि शाळेच्या मागच्या वाटेनं निघून गेली. शिवांजलीनं हात खाली घेतला. मी तिच्याकडं गेले नाही.

निकाल लागायला वेळ लागला नाही. ओढा गल्लीचं मशीन उघडलं आणि संपलंच. कपबशी. एकही घर फुटलं नव्हतं. शिट्टीला तिथं जी दोन-तीन मतं पडली होती ती कुणाची हे गल्लीत लगेच कळलं. बेल उचलला तेव्हा गावात नसलेल्या पोरांची होती ती.

कुलदीप नाचत होते. मामांनी माझ्या डोक्यावर गुलाल टाकला आणि म्हणाले, "शाब्बास." मी म्हणाले, "मामा, पहिल्याच सभेत भिंत पाडायचा ठराव ठेवनार मी."

"ठेवा की," ते म्हणाले. त्यांना खरंच राग आला नव्हता. "हात कोन वर करतंय ते बघू. आन सही कुठं करायची ते कुलदीप सांगत जाईल." मग ड्रायव्हरला हाक मारून त्यांनी जीप ओढा गल्लीकडं घ्यायला सांगितली.

ठराव मी ठेवला, पहिल्या सभेत. एकही हात वर आला नाही. नगरसेवकांनी त्या जागी भोंगा बसवायचा ठराव एकमतानं मंजूर केला. पण ते नंतर. त्या दिवशी मला अजून आशा होती.

शिवांजलीला शोधत होते मी गर्दीत. हर्षालीनं सांगितलं, ती दुपारच्या एसटीनं माहेरी गेली. रणधीर तिला स्टँडपर्यंत सोडायलाही गेला नाही.

जीप गल्लीत वळली. ताशा वाजत होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला घरं, मध्ये जेमतेम गाडी जाईल एवढी वाट. भिंतीवर पुराच्या पाण्याचा मातकट डाग अजून तसाच होता, खाली उभ्या बाईच्या डोक्याच्या वर. माणसं दारात उभी होती. जिंकलेल्या माणसासारखं कुणाचंच तोंड दिसत नव्हतं.

धुरपदाबाईचं घर आलं तेव्हा जीप थांबवायला लागली. ती ताट घेऊन वाटेत उभी होती. मी खाली उतरले. मला वाटलं, आता म्हातारी मला शिव्या देईल, आणि द्याव्यात असं फार वाटत होतं. तिनं मला कुंकू लावलं, ओवाळलं, पदर पसरायला सांगून ओटीत तांदूळ आणि खण घातला. मग लेकरांना पुढं ओढून माझ्यासमोर उभं केलं. बाजारातल्या त्या दिवसापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. ती हसत होती. खांद्यावरून ओझं उतरल्यावर माणूस मोकळा श्वास घेतो तसा श्वास घेत होती.

"पान खरं केलं बघ माय," ती म्हणाली. "लई भ्या वाटत व्हतं. रात-रात झोप न्हवती." तिनं दोघांच्या डोक्यावर हात ठेवला. "आता सुटलो. आता माज्या लेकरांना काय बी हुत न्हाई. व्हय का न्हाई?"

माऊली जीपच्या चाकाला हात लावून बघत होता. आरती माझ्याकडं बघत होती, उत्तराची वाट बघत होती.

मी व्हय म्हणाले.